फल्लीदाणा, ज्वारी आणि पाच वाजताची भूक

विदर्भातल्या गावशाळा एरवी सकाळी दहा-अकराला भरतात आणि पाचच्या सुमारास सुटतात. शाळेतली खिचडी दीड-दोनला झालेली असते. घरी येईपर्यंत ती जिरलेली असते, वर मैदानावरची पळापळ झालेली असते. रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात सोयाबीनच्या काढणीचे नाहीतर हरभऱ्याच्या सोंगणीचे दिवस असतील, तर आई-बाप दिवस मावळेपर्यंत वावरातच असतात. चूल पेटायला सात वाजतात, ताट वाढायला आठ-साडेआठ. मधल्या तीन तासांत पोराच्या पोटाची सोय काय? बहुतेक वेळा ती कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली असते. पाच रुपयांच्या रंगीत पुड्यांची माळ, आणि पुड्यात मक्याचं नाहीतर तांदळाचं पीठ, पामतेल, मीठ आणि मसाला. भूक तेवढ्यापुरती मरते, आठ वाजता समोर आलेल्या भाकरीवरची इच्छाही मरते. अंगाला मात्र काही लागत नाही.

हे पुस्तक त्या तीन तासांसाठी आहे.

शहरातल्या पालकांमध्ये सध्या ओट्स आणि पीनट बटर यांच्या खाऊची चलती आहे. ओट्स, शेंगदाण्याचं लोणी, थोडा गूळ किंवा खजूर एकत्र मळून केलेले लाडू, वड्या, थापट्या. चूल लागत नाही, पंधरा मिनिटांत होतात, डब्यात आठवडाभर टिकतात. ही कल्पना चांगली आहे आणि ती परदेशी म्हणून नाकारण्यात काही हशील नाही. फक्त ती रिठदच्या स्वयंपाकघरात आणायची तर आधी उलगडून पाहायला हवी. उलगडल्यावर हाती तीन गोष्टी लागतात: कोंड्यासकटचं अख्खं धान्य, भरडलेला तेलबियांचा दाणा आणि दोन्ही बांधून ठेवणारा थोडा गोडवा. यातलं एकही या मुलखाला नवं नाही. नवी आहे ती तयारीची रीत: दाणा अगदी मऊ वाटायचा, धान्य आधीच शिजवलेलं किंवा भाजलेलं वापरायचं आणि खाऊ एका घासाच्या मापाचा करून डब्यात भरून ठेवायचा. शाळेतून आलेल्या आठ वर्षांच्या पोराला तो स्वतःच्या हाताने काढून घेता यायला हवा. घरी कोणी नसताना पुड्याशी सामना करायचा तर ही सोय फार महत्त्वाची आहे.

आधी ओट्सकडे पाहू. ओट म्हणजे जई. महाराष्ट्रात ती रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात. माणसांसाठी पाकिटातून येणाऱ्या ओट्सचं बरंचसं धान्य ऑस्ट्रेलियातून येतं. दाणा वाफवून रुळांमधून चपटा केलेला असतो, म्हणजे पोह्याचाच भाऊबंद. त्यामुळे तो लवकर भिजतो आणि कच्चा लागत नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. शिजवल्यावर त्यांची चिकट पेज होते ती त्याच्यामुळेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली ती याच तंतूसाठी, कारण तो रक्तातलं कोलेस्टेरॉल थोडं खाली आणतो. पण तो दावा पन्नाशीच्या माणसासाठी आहे. सहा वर्षांच्या मुलीची गरज वेगळी. तिला थोडक्या घासात भरपूर ऊर्जा हवी, प्रथिनं हवीत, लोह हवं. मोठ्यांची जाहिरात मुलांच्या डब्यावर चिकटवून चालत नाही.

ओट्स घरात असतील तर ते जरूर वापरावेत. नसतील तर खास त्यासाठी वाशिमला जाण्याचं कारण नाही.

कारण ज्वारी आहे. म्हणजे होती, आणि अजून मिळते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हाच इथल्या खरिपात सोयाबीनचे दिवस सुरू झालेले होते. आज पावसाळ्यात या भागात नजर जाईल तिथवर सोयाबीन आणि मधूनमधून तुरीच्या ओळी. खरीप ज्वारीची जागा गेली, तिच्याबरोबर कडबा गेला आणि घरातल्या कणगीतलं धान्यही गेलं. सोयाबीन बाजार समितीत जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात. त्याचा दाणा गावच्या चुलीपर्यंत क्वचितच परत येतो. मुलांच्या खाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला इथला हा सगळ्यात मोठा बदल म्हणावा लागेल. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, त्यानिमित्ताने ज्वारीची खूप स्तुती झाली. स्तुती योग्यच होती. पण ज्वारी मुलांच्या तोंडी जायची तर ती भाकरीखेरीज आणखी कोणत्या रूपात द्यायची, हे सांगणारं फार थोडं लिहिलं गेलं.

ती रूपं आजीला विचारली तर लगेच सांगता येतात. भरडून ताकात किंवा दुधात शिजवलेल्या कण्या. ओट्सच्या पेजेला यापेक्षा जवळचं काही नाही. आंबील. हिवाळ्यातला हुरडा. आणि नागपंचमीच्या लाह्या. या पुस्तकाच्या कामाचं सगळ्यात जास्त सोनं लाह्यांमध्ये आहे. ज्वारीवर पाण्याचा हबका मारून ती रात्रभर फडक्यात दडपून ठेवायची, सकाळी कढई चांगली तापवून मूठ-मूठ टाकायची आणि कापडाच्या बोळ्याने फिरवायची. दाणा फुटतो तेव्हाच तो आतून शिजतो. अशा लाह्यांचं मिक्सरमधून काढलेलं पीठ हलकं आणि खमंग असतं, त्याला पुन्हा शिजवावं लागत नाही, आणि ओट्सच्या पिठाची जागा ते सहज घेतं. एक काळजी मात्र हवी: न फुटलेले गणंग चाळणीने नीट वेगळे करायचे. दुधाच्या दाताखाली गणंग आला की पोरगं तो लाडू पुन्हा हातात धरत नाही.

आता दाणा. विदर्भात त्याला फल्लीदाणा म्हणतात आणि त्याच्या तेलाला फल्लीतेल. मूळ दक्षिण अमेरिकेतलं हे पीक पोर्तुगीजांच्या काळात भारतात आलं आणि असं रुळलं की उपासाच्या फराळातही जाऊन बसलं. वाशिमच्या आसपास विहिरीला पाणी असलेले शेतकरी जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी भुईमूग पेरतात आणि मे-जूनमध्ये उपटतात. या भागात वर्षानुवर्षं पेरल्या गेलेल्या एका वाणाच्या नावातच शेजारचं गाव आहे. टीएजी-२४ म्हणजे ट्रॉम्बे-अकोला ग्राउंडनट. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून तो घडवला आणि १९९१ साली शेतकऱ्यांना दिला. त्याच्या पूर्वजांमध्ये किरणांचा मारा करून बदल घडवलेली झाडं आहेत. झाड बुटकं, लवकर तयार होणारं, आणि पानाफांद्यांपेक्षा शेंगांत जास्त ताकद घालणारं. उन्हाळी पिकासाठी नेमके हेच गुण हवे असतात. तरीही भुईमुगाचं क्षेत्र इथे जपून राहिलेलं नाही. रानडुकरं एका रात्रीत वावर उकरून टाकतात आणि शेंगा तोडायला माणसं मिळत नाहीत, ही तक्रार कोणत्याही गावात ऐकायला मिळते आणि ती खरी आहे.

शेंगदाण्याचं लोणी कोणी शोधलं, असं मराठी वाचकाला विचारलं तर हमखास उत्तर येतं: कार्व्हरने. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांना भुईमूग त्या पुस्तकातून भेटला. पण ते लोणी त्याच्या आधीचं आहे. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसनने १८८४ साली भाजलेल्या दाण्याच्या मऊ वाटणाचं पेटंट घेतलं होतं, आणि १८९५ च्या सुमारास जॉन हार्वी केलॉगने आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी तसंच वाटण तयार करायला घेतलं. कार्व्हरचं काम त्याहून मोठं आहे. कापसाने जमीन थकली होती, बोंड पोखरणाऱ्या भुंग्याने पीक बुडत होतं, आणि अशा वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गरीब काळ्या शेतकऱ्यांना तो भुईमूग लावा म्हणून सांगत होता. मग एवढ्या शेंगांचं करायचं काय? त्यासाठी त्याने १९१६ साली एक पुस्तिका काढली, भुईमूग पिकवण्याची आणि तो खाण्याच्या १०५ रीतींची. पीक आणि स्वयंपाकघर यांचा विचार एकत्र करणारा हा शेतीतज्ज्ञ कापूस आणि सोयाबीनच्या विदर्भाला आजही फार जवळचा वाटावा असा आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण याहून कमी ठाऊक असतं. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे की १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना त्यांचा मुख्य आहार शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू हा होता. ते बेताबाहेर खाल्ल्याने पोट बिघडलं, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं आहे. म्हणजे ज्याला आज नवलाईचा पदार्थ समजून काचेच्या बरणीत विकत आणलं जातं, तो शंभर वर्षांपूर्वी भारताच्या खेड्यांतून हिंडणाऱ्या माणसाच्या शिदोरीत होता. आणि सोबत लिंबू होतं. त्या लिंबाकडे पुढे परत यावं लागेल.

बाजारातली बरणी घेणाऱ्यांसाठी एवढंच: मागची बाजू वाचावी. अमेरिकेत १९७१ पासून पीनट बटर म्हणवून घ्यायचं तर त्यात किमान ९० टक्के शेंगदाणा लागतो, आणि हा नियम ठरवायला तिथे बारा वर्षं भांडण चाललं. उरलेल्या १० टक्क्यांत काय भरायचं याच्यावरच सगळा धंदा उभा होता. साखर, मीठ आणि तेल वर तरंगू नये म्हणून घातलेली घट्ट वनस्पती चरबी. घटकांच्या यादीत शेंगदाण्याखेरीज काही नसेल तर ती बरणी उत्तम.

घरी करणं मात्र अवघड नाही, फक्त धीर लागतो. दाणे मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत, सारखे हलवत भाजायचे. साल तडकून दाणा आतून बिस्किटी रंगाचा झाला की उतरवायचे. पूर्ण गार होऊ द्यायचे, सुपात घेऊन चोळायचे आणि पाखडायचे. मग मिक्सर. पहिल्या मिनिटात कूट होतं, जे प्रत्येक घरात रोज होतं. इथेच बहुतेक जणी थांबतात. थांबायचं नाही. भांड्याच्या कडा खरवडून पुन्हा फिरवायचं. कूट ओलसर होऊन त्याचे गोळे धरतात, मिक्सरचा आवाज जड होतो. यंत्र तापू नये म्हणून दोन मिनिटं विसावा द्यायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी गोळा अचानक सैल होतो, दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि भांड्यात चकाकणारं, पळीवरून ओघळणारं वाटण दिसायला लागतं. पाणी अजिबात घालायचं नाही, थेंबभरही नाही. पाण्याने ते घट्ट होतं आणि लवकर बिघडतं. तेलही लागत नाही, कारण दाण्यात वजनाच्या ४० टक्क्यांच्या पुढे तेल असतंच. विदर्भाच्या मे महिन्यात हे वाटण बाहेर ठेवलं तर खवट होतं, म्हणून उन्हाळ्यात थोडं थोडं करावं. जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेच्या गिरनार-४ आणि गिरनार-५ या २०२० साली आलेल्या वाणांत ओलेइक आम्लाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यांचं तेल खवट व्हायला बराच जास्त वेळ लागतो. असे दाणे या भागात पिकले तर खाऊ करणाऱ्या बचतगटांची मोठी अडचण सुटेल.

आता हिशेब. १०० ग्रॅम सोललेले भाजके दाणे, १०० ग्रॅम ज्वारीच्या लाह्यांचं पीठ आणि ६० ग्रॅम गूळ घेतला तर सुपारीएवढे नव्हे, चांगले लिंबाएवढे बारा लाडू होतात. प्रत्येकात सुमारे ९० कॅलरी आणि ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ज्वारीच्या जागी ओट्स घातले तर कॅलरी चार-पाचने वाढतात आणि प्रथिनं पाव ग्रॅमने. फरक एवढाच. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिनं लागतात असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं मोजमाप सांगतं. दोन लाडवांत त्यातला तिसरा हिस्सा येतो. पोराने एक लाडू घेतला आणि वर एक केळं खाल्लं तरी आठ वाजेपर्यंत ते तग धरतं आणि जेवणाची भूकही शाबूत राहते.

पण प्रथिनांचा हिशेब केवळ ग्रॅमवर संपत नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं. भुईमुगात ते ज्वारीपेक्षा बरं असलं तरी भरपूर नाही. ते भरपूर असतं हरभऱ्यात. म्हणून या पुस्तकातल्या बहुतेक कृतींत मूठभर डाळ्या किंवा फुटाण्याचं पीठ घातलेलं दिसेल. ही सूचना कोणाच्या लहरीतून आलेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी बांधलेलं ‘हैदराबाद मिक्स’ प्रसिद्ध आहे: ४० ग्रॅम गहू, १६ ग्रॅम हरभरा, १० ग्रॅम शेंगदाणा आणि २० ग्रॅम गूळ. एवढ्यात ३३० कॅलरी आणि ११.३ ग्रॅम प्रथिनं. त्यात हरभरा शेंगदाण्यापेक्षा जास्त आहे, हे लक्षात घ्यावं. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचं एक भाग घेऊन ‘मल्टिपर्पज फूड’ तयार केलं होतं. आणि विदर्भातलं सातूचं पीठ, गहू आणि डाळ्या भाजून दळलेलं, गुळाच्या पाण्यात कालवलेलं, हे त्याच घराण्यातलं. त्यात दोन चमचे दाण्याचं वाटण घातलं की हैदराबाद मिक्स आणि सातू यांच्यातलं अंतर जवळजवळ संपतं.

या सगळ्याची गरज किती आहे ते आकडे सांगतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली, ३६.१ टक्के कमी वजनाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत आणि त्यांनी अस्वस्थ व्हायलाच हवं. २०१८ मध्ये केंद्राने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून निवड केली. त्यात महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम.

सरकारी ताटात शेंगदाणा आधीपासून आहे. आदिवासी भागात २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांच्या जेवणात शेंगदाण्याचा लाडू ठेवला गेला. शाळांतल्या पूरक आहारात चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे येत राहिले. शालेय पोषण आहाराचं माप पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं आहे. ते दुपारपुरतं आहे. संध्याकाळ घराकडेच राहते.

चिक्कीबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. ती चवीला छान, टिकाऊ आणि पुड्यापेक्षा कितीतरी बरी. पण तिच्यात गूळ जवळजवळ दाण्याइतका असतो, आणि तो दातांच्या खाचांत अडकून बसतो. गूळ म्हणजे औषध अशी जी समजूत आहे तिला आकड्यांचा फारसा आधार नाही. दातांना आणि शरीराला तो बव्हंशी साखरच आहे. म्हणून इथल्या कृतींत गोडवा हात राखून घातला आहे आणि निम्म्या कृती तिखटमिठाच्या आहेत: दाण्याचं वाटण लावलेली ज्वारीची छोटी धपाटी, वाटणात कालवलेल्या लाह्यांचा ओला चिवडा, कण्यांचे थापटे. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना साखर-गुळाचे पदार्थ टाळावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांतही आहे.

रक्तक्षयाकडे पाहायचं तर गांधींचं लिंबू आठवावं लागतं. ज्वारी, ओट्स, शेंगदाणा, हरभरा या सगळ्यांत लोह आहे, पण फायटेट नावाचं द्रव्यही आहे, जे लोहाला आतड्यात धरून ठेवतं. क जीवनसत्त्व ती पकड सैल करतं. लाडवाबरोबर पेरूची फोड, आवळा, लिंबाचं पाणी, काहीही चालतं. हिवाळ्यात तर आवळे आणि पेरू मुबलक असतात. आणि चहा ती पकड घट्ट करतो. लहान पोराला कपभर चहात टोस्ट बुडवून देण्याची जी सवय गावोगाव आहे, ती फक्त निरुपयोगी नाही. ती आधीच्या आणि नंतरच्या घासातलं लोहही वाया घालवते. या पुस्तकातली एकच गोष्ट कोणी उचलायची असेल तर मुलांचा चहा बंद करण्याची उचलावी.

आता जे सांगितल्याशिवाय हे पुस्तक कोणाच्या हाती देऊ नये, ते. शेंगदाण्यावर येणारी ॲस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले आणि त्याचं मूळ ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडलं, तेव्हा या विषाची ओळख झाली. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृत निकामी होऊन गेली. हे विष भाजण्याने पूर्ण जात नाही, तेलात तळण्यानेही नाही. ते टाळावं लागतं वावरात आणि खळ्यावर. इथे वाशिमचा उन्हाळी भुईमूग अडचणीच्या जागी उभा असतो, कारण उपटणीनंतर शेंगा वाळायच्या आणि वळवाचा पाऊस यायचा, दोन्ही एकाच वेळी. शेंगेतला ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. कानाशी धरून हलवली की दाणा आत खुळखुळला पाहिजे, दाणा चोळला की साल सुटलं पाहिजे. पोती जमिनीवर नकोत, भिंतीला टेकून नकोत. खाली फळ्या हव्यात.

त्यानंतरचं काम सुपातलं. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. ते बहुतांश सुरकुतलेल्या, काळवंडलेल्या, कीड लागलेल्या, फुटक्या दाण्यांत असतं. हाताने निवडून असे दाणे वेगळे काढले की धोका खूप उतरतो. वाटण केल्यावर खराब दाणा दिसत नाही, म्हणून निवडणं भाजण्याच्या आधी आणि उजेडात. चव कडवट लागली तर थुंकून टाकायचं आणि तो घाणा अख्खा फेकायचा. फेकायचा म्हणजे फेकायचाच. गाई-म्हशीपुढे टाकायचा नाही. जनावराच्या पोटातून ते विष दुधात उतरतं आणि दूध पुन्हा त्याच मुलाच्या पेल्यात येतं.

दुसरी काळजी गळ्याची. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये. मुलांच्या श्वासनळीत अडकून दवाखाना गाठायला लावणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा जगभर वरच्या क्रमांकावर आहे. तो तेलकट, गुळगुळीत आणि नेमका तेवढ्याच आकाराचा. हसताना, पळताना, रडताना तोंडात असला की आत ओढला जातो. चिक्कीतले अर्धे दाणेही त्यातच आले. वाटणाचा घट्ट गोळाही बाळाच्या टाळूला चिकटून घशात बसू शकतो, म्हणून सहा महिन्यांनंतरच्या बाळाला ते पेजेत किंवा कण्यांत पातळ करूनच द्यायचं. इथे मऊ वाटण्याचा एवढा आग्रह धरला आहे त्याचं मुख्य कारण हेच.

तिसरी काळजी वावड्याची. पाश्चात्त्य देशांत शेंगदाण्याचं वावडं ही मोठी समस्या आहे. आपल्याकडे ती कमी दिसते, पण नाही असं नाही. पूर्वी डॉक्टर सांगत की बाळाला शेंगदाणा उशिरा द्या. २०१५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या गिडियन लॅक यांच्या गटाने ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळी बाळं इसबाची किंवा अंड्याच्या वावड्याची, म्हणजे मुळात जोखमीची. ज्यांना पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा दिला नाही त्यांच्यातल्या १७.२ टक्क्यांना वावडं झालं. ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयातच सुरुवात करून नियमित दिला त्यांच्यात ३.२ टक्क्यांना. सल्ला उलटा फिरला. तरी पहिल्यांदा देताना चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच द्यावं, तेही दिवसा, आणि तासभर पाहावं. अंगावर गांधी, ओठ सुजणं, ओकारी किंवा धाप दिसली तर लगेच दवाखाना. बाळाला जोरदार इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि जे मूल फार अशक्त आहे त्याच्यासाठी हा खाऊ उपचार नाही. १९९६ साली फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याचं वाटण, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार एकत्र करून ‘प्लम्पीनट’ बनवलं. ९२ ग्रॅमच्या एका पुडीत ५०० कॅलरी. आफ्रिकेतल्या दुष्काळांत त्याने असंख्य मुलं वाचवली. भारतात अशी तयार पुडी द्यावी की गावातलं ताजं अन्न, यावर दीर्घ वाद झाला आणि महाराष्ट्र त्या वादाच्या मध्यभागी होता. त्या वादाचा निकाल काहीही असो, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेलं किंवा दोन्ही पायांवर सूज आलेलं मूल घरी लाडू भरवत ठेवण्याचं नसतं. अंगणवाडीत दंडाची रंगीत पट्टी असते. ती लाल रंगावर थांबली तर अंगणवाडीताईंना सोबत घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं.

पुढच्या पानांवर कृती ऋतूप्रमाणे लावल्या आहेत. पावसाळ्यात लाह्या, हिवाळ्यात कण्या आणि धपाटी, उन्हाळ्यात सातू. शहरातल्या वाचकांसाठी प्रत्येक कृतीखाली ओट्सचं प्रमाणही दिलं आहे. वाटी सगळीकडे १५० मिलिलिटरची, साध्या आमटीच्या वाटीएवढी. दाण्याचं माप भाजून, सोलून, निवडून झाल्यानंतरचं आहे, आणि गुळाचं किसल्यानंतरचं, न दाबता भरलेल्या वाटीचं. लाह्यांचं पीठ सपाट वाटीने मोजावं. पहिल्यांदा करताना अर्ध्याच मापाने करावं, म्हणजे मिक्सर तापणार नाही आणि लाडू भुसभुशीत झाले तर चमचाभर वाटण वाढवून सावरता येतील.